१ मेची गच्चीपार्टी : साठ माणसांसाठी फळांचं कॉकटेल कसं करावं?

चाफेकळी_मुलुंड | २० एप्रिल, रात्री १०:१४

मंडळी, मदत हवी आहे. आमच्या सोसायटीत १ मेला सकाळी झेंडावंदन, मग सत्यनारायण आणि संध्याकाळी गच्चीवर खाणंपिणं असतं. यंदा कमिटीने पेयांचं खातं माझ्या गळ्यात मारलंय. एरवी पावडरीचं केशरी सरबत असतं. पोरं ते फ्रॉकवर सांडतात आणि आजोबा लोक "घशाला लागतं" म्हणून हात लावत नाहीत. मला फळांचं कॉकटेल करायचंय. मोठं पातेलं, वर तरंगणारी फळं, पुदिना, दिसायलाही जरा बरं.

माणसं साठ धरा. पंधराएक पोरं, मधुमेहवाले चार-पाच काका. साडेसातला सुरू करून दहापर्यंत चालेल. गच्चीवर फ्रीज नाही, पंखे दोन, आणि त्या दिवसांत वारा किती असतो ते तुम्हाला माहीतच आहे. फळं कुठली घेऊ? किती? आदल्या दिवशी काय उरकता येईल? आणि अडीच तास ते थंड राहून पाणचट होऊ नये यासाठी काय करायचं?

शिवाय 'ए' विंगच्या तरुण मंडळाची सूचना आहे की मोठ्यांच्या पातेल्यात 'थोडंसं' घालावं. त्यावरही बोला.

---

बोरिवली_फास्ट | २० एप्रिल, रात्री १०:२१

शेवटच्या मुद्द्यापुरतं : १ मे, महाराष्ट्र दिन, ड्राय डे. तरुण मंडळाला कळवून टाका. एरवीसुद्धा सोसायटीच्या गच्चीवर दारू वाटायची तर उत्पादन शुल्क खात्याचा एका दिवसाचा परवाना काढावा लागतो, आणि सकाळी त्याच लोकांनी सत्यनारायणाचा प्रसाद खाल्लेला असणार.

---

गोंयचो_पाव | २० एप्रिल, रात्री १०:४०

हे दिवस आमच्याकडे हुर्राकचे. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्या धारेची जी निघते ती हुर्राक, तीच पुन्हा भट्टीवर चढवली की फेणी. ग्लासात लिंबाचा सोडा, चिमूट मीठ आणि मधोमध चिरलेली एक हिरवी मिरची. उन्हाळ्याचं याहून चांगलं कॉकटेल मला तरी माहीत नाही.

---

बोरिवली_फास्ट | २० एप्रिल, रात्री १०:४३

आणि परवान्याशिवाय ती गोव्यातून इकडे आणली की बांद्याच्या नाक्यावर गाडी बाजूला.

---

गोंयचो_पाव | २० एप्रिल, रात्री १०:५१

अहो, पुढचं वाचायच्या आत ब्रेक मारलात. हुर्राक सोडा, मिरची घ्या, एवढंच सांगणार होतो. चिरलेली मिरची थंडगार आंबटगोड पेयात दहा मिनिटं नुसती पडू द्यायची आणि काढून टाकायची. तिखट होत नाही, पण घोट गेल्यावर घशाशी जरा झणका येतो. बिनदारूच्या कॉकटेलमध्ये नेमकी तीच गोष्ट कमी असते. पोरांच्या पातेल्यात नको, बाकी सगळ्यांना चालेल.

---

सुगरणीचा_खोपा | २० एप्रिल, रात्री ११:३५

चाफेकळी, आधी एक ठरव : गोड करायचंय की तहान भागवायचीय? मुंबईत मेमध्ये गच्चीवर घाम गाळत उभ्या माणसाला गोड नको असतं, आंबट आणि खारट हवं असतं. लोक फळांचं कॉकटेल म्हणून जे करतात ते पाकात बुडवलेलं फ्रूट सॅलड असतं, अर्ध्या ग्लासानंतर नको होतं. म्हणून आंबट आधी निवड, फळ मागाहून.

लिंबं या दिवसांत सोन्याच्या भावात. साठ जणांना पुरेल इतकी घ्यायची तर बजेट तिथेच संपेल. तुझ्याकडे दोन पर्याय आहेत, कोकम आणि कैरी. मी कोकमाकडे झुकते, कारण कोकम आणि कलिंगड यांचं फार जमतं. कलिंगडाला स्वतःचा आंबटपणा जवळजवळ नसतो, नुसता रस प्यायला तर पाणी प्यायल्यासारखं वाटतं. कोकमाने त्याला कणा येतो, आणि रंग असा गर्द येतो की वरून काही घालावं लागत नाही.

प्रमाण लिटरवर सांगते. एक लिटर कलिंगडाच्या रसाला साधारण पन्नास मिली कोकमाचं आगळ. आगळ म्हणजे बिनसाखरेचं, मीठ घातलेलं. अमृत कोकम म्हणून जी गोड बाटली मिळते ती नव्हे. आगळात मीठ असतंच, म्हणून चाखल्याशिवाय आणखी मीठ घालू नकोस. साखरेचा साधा पाक (जितकी साखर वजनाने, तितकंच पाणी) लिटरला पन्नास मिली. भाजलेल्या जिऱ्याची पूड पाव चमचा, आल्याचा रस अर्धा चमचा. हे सगळं गार झाल्यावर चाख. खोलीच्या तापमानाला बरोबर गोड लागलेलं पेय थंड झालं की कमी गोड लागतं, तेव्हा पाक शेवटी वाढवायला हाताशी ठेव.

कलिंगड मिक्सरमधून गरगर फिरवू नकोस. बिया भरडल्या जातात आणि रसाला कडसर, कचकचीत चव येते. गर हाताने कुस्करून रोळीतून किंवा पुरणयंत्रातून काढ. वेळच नसेल तर मिक्सर दोन वेळा टक-टक, बस.

किती? साठ माणसं, प्रत्येकी दीडशे मिलीचे अडीच ग्लास धर, म्हणजे साडेबावीस लिटर. त्यात दहा लिटर कलिंगडाचा रस, पाच-सहा लिटर सोडा, बाकी फळं, पाक, आगळ आणि वितळणारा बर्फ. पाच किलोच्या कलिंगडातून अडीच ते तीन लिटर रस निघतो. चार मोठी कलिंगडं घे, तुकड्यांसाठी एक जास्तीचं.

काकांसाठी वेगळी स्टीलची किटली : आगळ, पाणी, जिरं, पुदिना, थोडा सोडा. साखर नाही, फळ नाही. फक्त रक्तदाबवाल्यांना सांग की यात मीठ आहे.

---

देवगडी | २१ एप्रिल, सकाळी ७:०५

एप्रिल अखेर, मुंबई, फळांचं कॉकटेल, आणि अख्ख्या धाग्यात हापूस नाही? हा काय प्रकार आहे?

---

सुगरणीचा_खोपा | २१ एप्रिल, सकाळी ७:३०

हापूस कापून ताटलीत द्या ना. पेयात कशाला मारायचा?

---

देवगडी | २१ एप्रिल, सकाळी ७:३८

मारायचा? महाराष्ट्र दिनाला हापूस नाही तर काय किवी? चार डझनांची पेटी आणा, गर काढा, त्यात संत्र्याचा रस आणि सोडा. लोक नाव काढतील.

---

केमिकल_लोचा | २१ एप्रिल, सकाळी ९:१२

देवगडीकाका, भावना पोचल्या, पण आंब्याच्या गरात सोडा ओतून बघितलाय का कधी? दाट गरात सोड्याचे बुडबुडे एकदम सुटतात, पातेलं उतू जातं आणि उरतं ते बिनगॅसचं. शिवाय गर जड, अर्ध्या तासात तळाला बसतो. पहिल्या दहा लोकांना फिकट पाणी आणि शेवटच्या दहांना आमरस. आणि हापूसचा वास एवढा जबरदस्त की बाकीची फळं घातली काय, न घातली काय.

आंबा हवाच असेल तर रसाला पायरी बरा, गर पातळ असतो. पण खरं सांगू का, कॉकटेलमध्ये आंबा कैरीच्या रूपात घाला.

---

देवगडी | २१ एप्रिल, सकाळी ९:२०

पायरी! आता फक्त तोतापुरी सुचवायचा बाकी आहे.

---

हर्णैकर | २१ एप्रिल, सकाळी ९:४४

काका, हापूसला २०१८ साली जे भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर अशा पाच जिल्ह्यांना. तेव्हा 'देवगड नाहीतर काही नाही' हा हट्टही सोडा जरा. (पळतो आता.)

---

बोरिवली_फास्ट | २१ एप्रिल, सकाळी ९:५०

धाग्याचं काश्मीर होतंय, न मिटणारा वाद. आंब्यासाठी वेगळा धागा काढा, मी पॉपकॉर्न घेऊन येतो.

---

केमिकल_लोचा | २१ एप्रिल, सकाळी १०:३०

मूळ विषयाकडे येतो. दोन फळांपासून सावध राहा.

पहिलं मोसंबी. ज्यूस सेंटरवर गंगा-जमुना प्यायलोय आपण सगळे, संत्रं आणि मोसंबी अर्धं-अर्धं. ते छान लागतं कारण तुमच्या समोर पिळून लगेच हातात देतात. तोच मोसंबीचा रस सकाळी काढून संध्याकाळपर्यंत ठेवलात तर कडू होतो. रस काढल्यावर त्यात लिमोनिन हळूहळू तयार होतं, आणि त्याची कडू चव जिभेला अगदी थोड्या प्रमाणातही कळते. साखर घालून ती झाकत नाही. चिमूटभर मिठाने थोडी दबते, पण जात नाही. म्हणजे साठ माणसांच्या पेयाला मोसंबी बाद. संत्रंही ऐन वेळी पिळणार असाल तरच.

दुसरं अननस. अननस पेयात उत्तम, पण कुणी उत्साहात त्याच पातेल्यात दूध, क्रीम किंवा आइस्क्रीम घातलं की संपलं. ताज्या अननसातलं ब्रोमेलिन हे विकर (एन्झाइम) दुधातली प्रथिनं तोडतं आणि थोड्या वेळात ते कडू लागतं. अननस आधी उकळून घेतला किंवा डब्यातला वापरला तर हा त्रास नाही, कारण उष्णतेने ते विकर निकामी होतं. कच्च्या पपईचीही तीच गत.

---

मालाडची_मावशी | २१ एप्रिल, दुपारी १:१५

ताडगोळे कसे कुणाला आठवले नाहीत! स्टेशनबाहेर टोपल्या घेऊन बायका बसतात, वसई, पालघर, डहाणूकडचे असतात. कॉकटेलमध्ये तरंगायला यासारखं फळ नाही. सफरचंदाचे तुकडे काळे पडतात, केळं लिबलिबीत होतं. ताडगोळा मात्र रसात तासभर राहिला तरी तसाच, उलट कोकमाचा गुलाबी रंग आत मुरलेला फार देखणा दिसतो.

निवडताना अंगठ्याने हलकेच दाबायचं. कोवळा दबतो आणि आतलं पाणी हललेलं बोटाला कळतं. दगडासारखा लागला तर तो जून, चावता चावत नाही, टोपलीत परत ठेवायचा. बाई रागावते, रागावू दे. साल पिवळट आणि तुरट असते, ती पूर्ण काढायलाच हवी, नाहीतर सगळ्या पेयाला तुरटपणा येतो. गार पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवले की कडेला नख लावून साल पातळ पापुद्र्यासारखी सुटते. सोलताना भांड्यावरच धरा, कारण नख जरा खोल गेलं की आतलं पाणी चिळकन अंगावर. पण ते वाया घालवायचं नाही, तेच गोड असतं.

मात्र ताडगोळे त्याच दिवशी आणायचे. या उकाड्यात दुसऱ्या दिवशी आंबूस वास मारतात.

---

चाफेकळी_मुलुंड | २१ एप्रिल, दुपारी २:०२

मावशी, साठ माणसांचे ताडगोळे सोलणार कोण?

---

मालाडची_मावशी | २१ एप्रिल, दुपारी २:०६

'ए' विंगचं तरुण मंडळ. 'थोडंसं' घालायला हात मोकळे आहेत ना त्यांचे!

---

बर्फवाला_दादर | २१ एप्रिल, संध्याकाळी ६:४८

केटरिंगमध्ये बरीच वर्षं काढलीत, म्हणून बर्फावर बोलतो. कारण पार्टीचं पेय बिघडतं ते बर्फापायी. फळांवर सगळे तासभर चर्चा करतात आणि बर्फ "कुणीतरी आणेल" म्हणून सोडून देतात.

पहिली गोष्ट, कुठला बर्फ. लादी घेताना ती खाण्याची आहे याची खात्री करा. महाराष्ट्रात २०१८ पासून न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे. मासे, भाज्या आणि मालवाहतुकीसाठीचा तो. निळसर लादी कुणी "धुऊन घ्या, चालतं" म्हणून दिली तर घेऊ नका. आणि पांढरी दिसली म्हणजे निर्धास्त, असंही नाही. मी असतो तर पेयात जाणारा बर्फ घरी उकळून गार केलेल्या पाण्याचा किंवा पिशवीबंद क्यूबचा घेतला असता, आणि लादी फक्त भांड्याच्या बाहेरून लावायला.

दुसरी गोष्ट, आकार. छोटे तुकडे झटपट गार करतात आणि झटपट वितळतात. मोठा गोळा हळू वितळतो, कारण वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग कमी. म्हणून पातेल्यात मोठे गोळे, क्यूब ग्लासात. मोठे गोळे घरी करायचे सोपे आहेत. स्टीलचे डबे, कुकरची भांडी, जे असेल ते घ्या आणि पाण्याऐवजी त्यात पातळ कोकम सरबत गोठवा, आत पुदिन्याची पानं, कलिंगडाचे तुकडे. वितळेल तसतसं पेय पातळ न होता कोकमच वाढत जातं. इमारतीतल्या दहा घरांत फ्रीजर आहेत. प्रत्येकाकडे एक-एक डबा तीन रात्री आधी देऊन ठेवा. लोकांना बरंही वाटतं, आपला डबा कुठला ते शोधत बसतात.

तिसरी गोष्ट : रस आधीच कडक गार हवा. गरम रसात बर्फ टाकलात की निम्मा बर्फ नुसता गार करण्यातच जातो आणि पेय पहिल्या दहा मिनिटांत पाणचट. रस बाटल्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि पाच-पाच लिटर वर आणा. सगळं एकदम पातेल्यात ओतायचं नाही. पातेलं मोठ्या टबात, टबात लादीचा चुरा आणि वर दोन मुठी जाडं मीठ, आइस्क्रीमच्या पॉटला घालतो तसं. त्यावर जुनं गोणपाट. अडीच तास काय, बारापर्यंत गार राहील.

सोडा शेवटी, तोही गार, आणि ग्लासात. पातेल्यात घातलेला सोडा पंधरा मिनिटांत मरतो.

---

केमिकल_लोचा | २१ एप्रिल, संध्याकाळी ७:२०

+१. मिठाच्या बर्फाचं पाणी पेयात जाणार नाही याची मात्र काळजी घ्या, टबाची कड पातेल्यापेक्षा खाली हवी. आणि पातेलं स्टीलचंच. कुणाच्या आजीचं पितळेचं मोठं पातेलं "फोटोत छान दिसेल" म्हणून वर आणू नका. कल्हई गेलेली असेल तर कोकम त्यात कळकणार, आणि ते पोटात जाणं बरं नाही. ॲल्युमिनियमही नको.

---

पुदिन्याची_काडी | २१ एप्रिल, रात्री ८:३३

फार कामाचा धागा, वाचनखूण साठवली. माझी एक शंका. स्ट्रॉबेरी चालेल का? रंग छान येईल.

---

सुगरणीचा_खोपा | २१ एप्रिल, रात्री ८:४०

मेपर्यंत महाबळेश्वरची संपत आलेली असते. जी मिळते ती महाग आणि आंबट. क्रश वापरून काम भागेल, पण मग पुन्हा गोड पाकाकडेच चाललो आपण. द्राक्षं मिळाली शेवटची तर काळी घे, धुऊन गोठव आणि बर्फाऐवजी ग्लासात टाक. पोरं आधी तीच खातात.

---

फोर्टकर | २१ एप्रिल, रात्री ९:५५

आमच्या शेजारच्या पारशी लगनात लालभडक रासबेरी सोडा हमखास. पालनजीची बाटली, १८६५ पासूनची कंपनी. तुमच्या कोकम-कलिंगडावर घोटभर ओतून बघा, सोड्याचं आणि रंगाचं काम एकात होतं. गोड आहे मात्र, पाक निम्मा करा.

जाता जाता, फळं घ्यायला क्रॉफर्ड मार्केटला येणार असाल तर मान वर करून प्रवेशद्वारावरची शिल्पं बघायला विसरू नका. १८६९ ची इमारत, शिल्पं लॉकवुड किपलिंगची. कलिंगडासाठी तिथवर येण्यात मात्र अर्थ नाही. चार कलिंगडं घेऊन लोकलने मुलुंडला जाणार कसे?

---

हर्णैकर | २१ एप्रिल, रात्री १०:०८

मुलुंडवाल्यांना ऐरोली पुलावरून वाशीचं मार्केट जवळ. पहाटे जा, गाडी घेऊन. पण पाच कलिंगडांसाठी तेही कशाला? नाक्यावरच्या टेम्पोवाल्याला दोन दिवस आधी सांगून ठेवा, तो घरपोच देईल. कलिंगड निवडताना जमिनीवर टेकलेला डाग बघा. पांढरा असेल तर लवकर तोडलेलं, लोण्यासारखा पिवळा असेल तर वेलीवर पिकलेलं. आकाराच्या मानाने जड लागायला हवं. आणि टेम्पोवाल्याने सुरीने काढलेली त्रिकोणी चकती बघून भुलू नका, ती तो त्याच्या पसंतीच्या फळातूनच काढतो.

---

चाफेकळी_मुलुंड | २२ एप्रिल, सकाळी ११:२६

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री एका लिटरचा नमुना करून घरच्यांना पाजला. आगळ पन्नास मिली आमच्याकडे जरा जास्त झालं, चाळीसवर जमलं. बहुतेक बाटलीबाटलीत फरक असेल. मिरचीची युक्ती भन्नाट आहे, गोंयचो_पाव! सासूबाईंनी दोनदा घेतलं, म्हणजे साठ माणसांचं झाल्यात जमा.

तर ठरलं असं. मोठ्या पातेल्यात कलिंगड-कोकम, ताडगोळे आणि कलिंगडाचे तुकडे, मिरची मोठ्यांपुरती ग्लासात. पोरांसाठी रासबेरी सोडा आणि गोठवलेली काळी द्राक्षं. काकांची किटली वेगळी. हापूस कापून, ताटलीत, देवगडीकाकांच्या मानाखातर. कोकमाचे डबे २८ तारखेला घरोघरी वाटणार.

आता एकच अडचण. पातेल्यातून ओगराळ्याने वाढायचं तर एक माणूस अडीच तास तिथे अडकणार. तोटीचा मोठा कूलर मिळाला तर लोक आपापलं घेतील. आणि सब्जा त्यातच भिजवून घालू का?

---

बर्फवाला_दादर | २२ एप्रिल, दुपारी १२:१०

तोटीच्या कूलरमध्ये सब्जा अजिबात नको. फुगलेलं बी तोटीत जाऊन बसतं आणि मग भरलेला कूलर उपडा करायची वेळ येते. सब्जा वाटीत भिजवा, पंधरा मिनिटं पुरतात, आणि बाजूला चमचा ठेवून द्या. ज्याला हवा तो घेईल. ताडगोळे, पुदिना हेही कूलरबाहेर. कूलरमध्ये फक्त गाळलेला रस, आणि तोही मधूनमधून डावाने ढवळायचा, कारण कलिंगडाचा चोथा खाली बसतो. तोटीच्या आतल्या तोंडाला मलमलीचं दुहेरी फडकं बांधा.

---

निनाद_घोडबंदर | २२ एप्रिल, दुपारी १२:३५

माझ्याकडे वीस लिटरचा तोटीवाला स्टीलचा कूलर आहे, एक मेला रिकामाच आहे. ठाण्यातून न्यायला यावं लागेल. तोटी जरा गळते, वॉशर बदलून घ्या.

---

चाफेकळी_मुलुंड | २२ एप्रिल, दुपारी १२:४१

व्यक्तिगत निरोप केलाय. वॉशर कुठल्या मापाचा ते सांगा, येतानाच घेऊन येते.